कार्ड शाबूत, ड्रायव्हर बेवारस: एका रुग्णालयाच्या टेलिफोन सर्व्हरचे प्रकरण

पश्चिम महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावात ट्रस्टचे रुग्णालय आहे. तिथला टेलिफोनचा सगळा कारभार एका टॉवर पीसीवर चालतो. सेंटओएस ७ ही लिनक्स प्रणाली, त्यावर टेलिफोन एक्स्चेंजचे काम करणारे ॲस्टेरिस्क हे सॉफ्टवेअर आणि आत दोन कार्डे. पहिले टीई१३३, पीसीआय एक्स्प्रेसचे. त्याला दूरसंचार कंपनीची ई१ पीआरआय लाइन, म्हणजे एकाच जोडणीतून ३० कॉल नेणारी डिजिटल लाइन, लागलेली. दुसरे टीडीएम४००पी, जुन्या पीसीआय खाचेत बसणारे, वर चार छोटी मॉड्यूल. तीन लाल आणि एक हिरवे. लाल मॉड्यूलला बाहेरून येणारी तांब्याची लाइन जोडायची, हिरव्याला आपला साधा फोन. इथे हिरव्यावर रुग्णवाहिकेच्या शेडमधला फोन होता आणि लाल मॉड्यूलांवर गावाला वर्षानुवर्षे पाठ असलेले लँडलाइन नंबर. एसटी स्टँडच्या भिंतीवर अजून तेच रंगवलेले आहेत, त्यामुळे ते बंद करायचा विषयच निघत नव्हता.

सेंटओएस ७ चा आधार ३० जून २०२४ ला संपला. त्यानंतरच्या सुरक्षा ऑडिटमध्ये शेरा आला की आधार संपलेली प्रणाली चालणार नाही. ट्रस्टच्या सचिवांचे म्हणणे सरळ होते: "कार्डं चांगली चालतायत ना? मग तीच ठेवा, वरचं काय ते बदला."

हे "वरचं" बदलणे म्हणजे नेमके काय, याचीच ही नोंद आहे. ईमेल सर्व्हर किंवा वेबसाइट नव्या लिनक्सवर नेणे हे काम वेगळे आणि टेलिफोन कार्ड नेणे वेगळे. कार्ड तेच, लाइन तीच, ॲस्टेरिस्कच्या फाइलीही जवळपास त्याच. तरीही मधला एक थर असा असतो की ज्याची जबाबदारी कोणाची, हे कुठल्याच कागदावर लिहिलेले नसते.

कार्ड इतके परावलंबी का

पूर्वी टेलिफोनच्या कार्डावर आवाजाचे गणित करणारे स्वतःचे डीएसपी प्रोसेसर असत आणि त्यामुळेच ती महाग पडत. जिम डिक्सन यांनी उलटा विचार केला. पीसीचा प्रोसेसर आता पुरेसा वेगवान झाला आहे; मग कार्डाने लाइनवरचे नमुने फक्त आत-बाहेर करावेत आणि बाकीचे गणित पीसीने करावे. मेक्सिकोचा क्रांतिकारक एमिलियानो झापाटा याच्या नावाने त्यांनी प्रकल्प काढला आणि कार्डाला टॉर्मेंटा म्हटले. अलाबामातल्या हंट्सव्हिलच्या मार्क स्पेन्सर यांचे ॲस्टेरिस्क या कार्डांच्या ड्रायव्हरांवर, म्हणजे कार्ड आणि लिनक्स यांची बोलणी करून देणाऱ्या कोडवर, उभे राहिले. या ड्रायव्हरांना झॅपटेल म्हणत. ते नाव दुसऱ्या एका कंपनीचा ट्रेडमार्क निघाल्यामुळे २००८ मध्ये स्पेन्सर यांच्या डिजियम कंपनीने ते बदलून डाहडी केले. २०१८ मध्ये डिजियम कॅनडाच्या सँगोमाकडे गेली.

स्वस्त कार्डाची ही युक्ती मोठी होती, पण तिची किंमत पीसीला मोजावी लागते. टेलिफोनचा आवाज सेकंदाला ८,००० नमुन्यांचा असतो. डाहडी दर मिलिसेकंदाला प्रत्येक वाहिनीचे ८ नमुने घेते आणि ८ देते. हे काम एकदाही चुकायला नको. डिस्क दोन सेकंद अडकली तर वेबसाइट थोडी उशिरा उघडते, कोणाला कळतही नाही. इथे प्रोसेसर काही मिलिसेकंद जागेवर नसला तर फोनवर टिकटिक ऐकू येते आणि फॅक्स मध्येच तुटतो. म्हणूनच ही कार्डे व्हर्च्युअल मशीनमध्ये टाकून मोकळे होता येत नाही. ड्रायव्हर थेट कर्नलच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या, पोटात, इंटरप्टच्या (कार्डाने प्रोसेसरला मारलेल्या हाकेच्या) शेजारीच बसावा लागतो.

आणि डाहडी लिनक्सच्या मुख्य कर्नलमध्ये कधीच गेली नाही. सगळ्या अडचणीचे मूळ हे. लिनक्सवर चालणाऱ्या प्रोग्रॅमना कर्नल जपतो. वीस वर्षांपूर्वीचा प्रोग्रॅमही सहसा आज चालतो. कर्नलच्या आतल्या फंक्शनांना मात्र असले कोणतेही अभय नाही. एखादे फंक्शन बदलायचे ठरले की बदलणारा माणूस मुख्य कर्नलमधले सगळे ड्रायव्हर स्वतः दुरुस्त करून देतो. बाहेर राहणाऱ्या ड्रायव्हरकडे कोणी बघत नाही. ज्याच्या खाचेत कार्ड आहे, त्याचे त्याने बघावे.

याला मी कर्नलवाल्यांचा दुष्टपणा मानत नाही. आतले जुने ओझे टाकता आले म्हणूनच कर्नल इतका टिकला. पण तालुक्याच्या रुग्णालयात बसून हा न्याय ऐकताना जरा वेगळे वाटते, इतकेच.

नवी प्रणाली निवडताना

दोन पर्याय होते. रेड हॅटच्या वंशातली एखादी प्रणाली, कारण ट्रस्टच्या संगणक विभागाला तिची सवय. किंवा डेबियन १२. रेड हॅटच्या ९ व्या आवृत्तीचा कर्नल स्वतःला ५.१४ म्हणवतो, पण आत पुढच्या कर्नलांमधले कितीतरी बदल मागे आणून बसवलेले असतात. डाहडीचा कोड कर्नलचा आकडा बघून ठरवतो की कोणते फंक्शन वापरायचे. आकडा ५.१४ चा आणि आतला माल नंतरचा, अशी गत झाली की ती सगळी तपासणी फसते आणि रेड हॅटसाठी वेगळ्या अटी लिहाव्या लागतात. प्रत्येक छोट्या आवृत्तीला पुन्हा तेच. डेबियन १२ चा कर्नल ६.१ म्हणतो तेव्हा तो ६.१ च असतो. एवढ्यासाठी डेबियन घेतले.

डेबियन १२ च्या स्थिर भांडारात ॲस्टेरिस्कच नव्हते, त्यामुळे तेही मूळ कोडवरून बांधायचे ठरले. इथे क्रमाला महत्त्व असते: आधी डाहडीचे ड्रायव्हर, मग तिची साधने, मग पीआरआयसाठी लिबपीआरआय आणि शेवटी ॲस्टेरिस्क. क्रम चुकला तर ॲस्टेरिस्क बिनतक्रार बांधले जाते, फक्त त्यात डाहडीचा भागच नसतो.

सरावासाठी जुन्या बाजारातून पीसीआय खाच असलेला एक मदरबोर्ड मिळवला. ही गोष्ट सोपी राहिलेली नाही आणि तिकडेही सचिवांचे लक्ष वेधले. कार्ड टिकेल, पण ते खोचायला बोर्ड मिळेनासे होतील.

बांधणी

सेंटओएस ७ वर डाहडी २.११ होती. तिचा कोड ६.१ कर्नलवर बांधायला घेतला की चुकांची पानेच्या पाने येतात. घाबरायचे कारण नाही. पुष्कळशा चुका एकाच मुळाच्या असतात. टायमर सुरू करायची पद्धत ४.१५ मध्ये बदलली. वापरकर्त्याची स्मृती तपासणारे फंक्शन ५.० पासून तीनऐवजी दोनच गोष्टी घेते. प्रॉक फोल्डरमध्ये फाइल दाखवायची रचना ५.६ मध्ये वेगळी झाली. पीसीआयसाठीची डीएमएची (कार्डाने थेट स्मृतीशी देवाणघेवाण करण्याची) जुनी वेष्टने ५.१८ मध्ये काढून टाकली. डाहडीच्या नव्या ३ मालिकेत आणि गिटहबवर लोकांनी पाठवलेल्या दुरुस्त्यांमध्ये यातले जवळपास सगळे निस्तरलेले होते. टीई१३३ चा ड्रायव्हर, डब्ल्यूसीटीई१३एक्सपी, त्यांच्या आधाराने बांधला गेला.

टीडीएम४००पी ची गोष्ट निराळी. ३.० मध्ये जुन्या पीसीआय कार्डांचे बरेच ड्रायव्हर काढून टाकले, त्यात या कार्डाचा डब्ल्यूसीटीडीएमही गेला. म्हणजे दुरुस्ती करायला फाइलच नाही. २.११ मधली फाइल उचलून नव्या कोडमध्ये ठेवायची, बांधणीच्या यादीत तिची ओळ परत घालायची आणि मधल्या वर्षांचे बदल हाताने करायचे.

एक बदल जवळून दाखवतो, म्हणजे या कामाची जात कळेल. कार्डाशी नमुन्यांची देवाणघेवाण करायला ड्रायव्हर स्मृतीचा एक तुकडा मागून घेतो. जुना कोड त्यासाठी 'पीसीआय अलॉक कन्सिस्टंट' हे फंक्शन बोलावतो आणि त्याला तीन गोष्टी देतो: कार्ड, आकार आणि पत्ता ठेवायची जागा. नवे फंक्शन 'डीएमए अलॉक कोहिरंट'. त्याला कार्डाऐवजी कार्डाच्या आतला सर्वसाधारण डिव्हाइस द्यायचा आणि चौथी गोष्ट म्हणून सांगायचे की स्मृती मिळेपर्यंत थांबायला तयार आहात की नाही. जुने वेष्टन ही चौथी गोष्ट स्वतःच ठरवायचे: थांबायचे नाही. इथे स्मृती कार्ड ओळखण्याच्या टप्प्यावर मागितली जाते, तिथे थांबले तरी बिघडत नाही. म्हणून 'थांबेन' असे लिहिले. इंटरप्टच्या आत हेच लिहिले असते तर मशीन कधीतरी, कोणत्याही आठवड्यात, गपकन गोठले असते. बदल एका ओळीचा दिसतो. तो शोधा-आणि-बदला करून टाकणारे पुष्कळ आहेत, आणि कंपायलर दोन्ही प्रकार सारख्याच समाधानाने स्वीकारतो.

ड्रायव्हर बांधला गेला, चढवला, आणि कार्ड सापडेना.

एलएसपीसीआय या आदेशाने विचारल्यावर कार्ड दिसत होते, पण डिजियमच्या डी१६१ या ओळखीने नाही. टीडीएम४००पी वर टायगरजेट कंपनीची चिप आहे आणि कार्ड तिचीच ओळख सांगते: ई१५९:०००१. हीच चिप जुन्या आयएसडीएन कार्डांवरही असे, आणि मुख्य कर्नलमध्ये त्यांच्यासाठी नेटजेट नावाचा ड्रायव्हर आहे. मशीन सुरू होताना नेटजेट आधी जागा होतो, ओळख जुळते म्हणून कार्ड ताब्यात घेतो, आणि मागून आलेल्या डब्ल्यूसीटीडीएमला हात हलवत परतावे लागते. 'वापरात असलेला ड्रायव्हर: नेटजेट' ही ओळ वाचल्यावर पुढे करायचे ते थोडेच: नेटजेटला, ड्रायव्हर चढवणाऱ्या मॉडप्रोबच्या काळ्या यादीत टाकणे. या उपायाला एक मिनिट लागतो, पण ती ओळ वाचायची सवय नसली तर माणूस आपल्याच दुरुस्त केलेल्या कोडमध्ये दोष शोधत बसतो.

मग लॉगमध्ये मॉड्यूलांची हजेरी आली. पहिले लाल मॉड्यूल बसलेले, दुसरे बसलेले, तिसरे 'बसवलेले नाही', चौथे हिरवे ठीक. तिसरे डोळ्यांसमोर कार्डावर होते. हाताने दुरुस्त केलेल्या ड्रायव्हरवर इथे संशय येणारच. म्हणून दुसऱ्या आणि तिसऱ्या जागेची मॉड्यूल आपसात बदलली. आता लॉग म्हणाला, दुसरे बसवलेले नाही. दोष मॉड्यूलबरोबर सरकला. म्हणजे ड्रायव्हर खरे बोलत होता आणि मॉड्यूल मेलेले होते. खांबांवरून येणाऱ्या तांब्याच्या लाइनीवर वळवाच्या पावसात वीज उतरते, तेव्हा लाल मॉड्यूल पहिले जाते. सेंटओएसवरच्या लॉगमध्ये मागे जाऊन पाहिले तर तिथेही तेच लिहिलेले होते. ती लाइन कित्येक महिने मुकी होती आणि कोणाच्या लक्षात आले नव्हते, कारण बाकीच्या दोन चालू होत्या.

त्याच ओळींमध्ये लाल मॉड्यूलांपुढे 'एफसीसी मोड' लिहिलेले येते. तो अमेरिकेचा विद्युत नमुना. ड्रायव्हरमध्ये देशांची यादी आहे, तिच्यात इंडिया आहे. ड्रायव्हरच्या ऑपरमोड या सेटिंगला ते सांगावे. भारतातल्या लँडलाइनवर कॉलरचा नंबर पहिल्या रिंगच्या आधी डीटीएमएफ सुरांमध्ये (फोनची बटणे दाबल्यावर येतात तशा) येतो आणि त्याची चाहूल लाइनचे ध्रुव उलटल्यावर लागते. ॲस्टेरिस्कमध्ये यासाठी चक्क 'पोलॅरिटी आयएन' नावाची सेटिंग आहे, आयएन म्हणजे भारत. कोणीतरी कधीतरी आपल्या लाइनीसाठी बसून ती लिहिली आहे. ती लावल्यावर जुन्या लँडलाइनवरचे नंबर स्वागतकक्षाच्या पडद्यावर प्रथमच दिसू लागले.

स्थलांतराची रात्र आणि दुसरी सकाळ

टीई१३३ आधी लूपबॅक प्लगवर तपासले. आरजे प्लगमध्ये १ ला ४ आणि २ ला ५ जोडले की कार्डाचे बोलणे त्यालाच परत ऐकू येते. दिवा हिरवा झाला म्हणजे कार्ड, ड्रायव्हर आणि फ्रेमिंग (लाइनवरच्या आकड्यांची मांडणी) ठीक. कॉल त्यावर होणार नाही. ॲस्टेरिस्क तक्रार करते की आम्ही स्वतःला ग्राहक समजतो आणि समोरचाही स्वतःला ग्राहकच समजतो. बरोबरच आहे, समोर तेच आहे.

खरी लाइन लावल्यावर मात्र डाहडीच्या कॉन्फिगने २५ व्या वाहिनीवर हात टेकले: असे डिव्हाइसच नाही. हा आकडा स्वतःच निदान सांगतो. अमेरिकेची टी१ लाइन २४ वाहिन्यांची, आपली ई१ ३२ खणांची. त्यातला शून्यावा फ्रेमिंगचा, सोळावा सिग्नलिंगचा, उरलेले ३० बोलण्याचे. जुन्या कार्डांवर हा फरक जंपरने, म्हणजे कार्डावरच्या छोट्या खटक्याने, ठरे. टीई१३३ वर तो ड्रायव्हर चढताना सांगावा लागतो, आणि सांगितला नाही तर ड्रायव्हर टी१ धरतो. सेंटओएसवर ती ओळ मॉडप्रोबच्या फोल्डरात वेगळ्या फाइलमध्ये होती. डाहडीच्या फोल्डराची नक्कल केली तर ती सोबत येत नाही. ओळ लिहिली, ड्रायव्हर उतरवून पुन्हा चढवला, ३१ वाहिन्या दिसल्या. घड्याळ दूरसंचार कंपनीकडून घ्यायचे, म्हणून कॉन्फिगमधल्या स्पॅनच्या (म्हणजे या लाइनच्या) ओळीतला दुसरा आकडा १ आहे याची खात्री केली. तो ० राहिला तर दोन्ही बाजू आपापल्या घड्याळाने चालतात, बोलणे होते, पण फॅक्स रडतात. विमा कंपन्यांची कागदपत्रे अजूनही फॅक्सने मागणारे लोक आहेत, त्यामुळे हे दुर्लक्षून चालत नाही.

पहाटेपर्यंत कॉल येत-जात होते. सकाळी ओपीडी सुरू झाल्यावर स्वागतकक्षातल्या ताईंचा फोन आला: "दादा, सगळं लागतंय, पण माझाच आवाज मला परत येतोय. पेशंटला काय सांगतेय ते मलाच कळत नाही."

प्रतिध्वनी लाइनीवर नेहमीच असतो. समोरच्याच्या साध्या फोनपाशी, जिथे दोन तारांचे चार तारांत रूपांतर होते, तिथून थोडा आवाज परततो. तो लगेच परतला तर कान त्याला आपल्याच बोलण्याचा भाग समजतात. नेटवर्कवरून चालणारे एसआयपी फोन मात्र आवाजाची सहसा २० मिलिसेकंदांची पाकिटे करतात, वर ती थोडी थांबवून सलग करणारा जिटर बफर. त्यामुळे तोच आवाज उशिरा येतो आणि वेगळा ऐकू येतो. हे खोडायला टीई१३३ वर ऑक्टेसिकची प्रतिध्वनी-रोधक चिप आहे. जुन्या प्रणालीवर ती काम करत होती. नव्यावर वाहिन्यांच्या यादीत तिचे नावच नव्हते.

या चिपला स्वतःची बुद्धी नसते. दर वेळी मशीन सुरू झाले की ड्रायव्हर लिब-फर्मवेअर फोल्डरातून चिपच्या फर्मवेअरची एक बिन फाइल उचलतो आणि चिपमध्ये भरतो. ड्रायव्हरचा कोड जीपीएल या मुक्त परवान्याखाली मोकळा. ही फाइल बंद परवान्याची आणि कोडबरोबर येत नाही. डाहडी बसवताना ती डिजियमच्या सर्व्हरवरून वेगळी उतरवली जाते. फाइल सापडली नाही तर ड्रायव्हर लॉगमध्ये एक ओळ लिहितो आणि चिपशिवाय पुढे चालू लागतो. कॉल होतात, म्हणून कोणी लॉग बघत नाही.

पण बसवताना इन्स्टॉलर तर म्हणाला होता की सगळे फर्मवेअर आधीच हजर आहे. हे कोडे राखीव कार्डाने सोडवले. संगणक विभागाने सेकंडहँड घेतलेले दुसरे टीई१३३ त्याच दिवशी पोचले. ते सरावाच्या मशीनमध्ये घातले तर उठेचना. या कार्डांवर आणखी एक फर्मवेअर असते, कार्डाच्याच फ्लॅशमध्ये, म्हणजे वीज गेली तरी टिकणाऱ्या स्मृतीत, लिहिलेले. ड्रायव्हरला त्याची नेमकी एक आवृत्ती हवी असते. मुख्य कार्डात ती होती, म्हणून त्याने काही मागितले नाही. राखीव कार्डात जुनी होती. ड्रायव्हर म्हणाला, ही चालणार नाही, दुसरी लिहितो, आणि फाइल शोधायला गेला. फाइल नव्हती.

दोन तक्रारी, दोन वेगळी कार्डे, कारण एक. दोन्ही मशीनवर बाहेरचे इंटरनेट बंद असल्यामुळे संगणक विभागाने फर्मवेअरचे फोल्डर जुन्या सर्व्हरच्या बॅकअपमधून आणून ठेवले होते. बॅकअपच्या नियमांत बिन या शेपटाच्या फाइली वगळलेल्या होत्या, कारण तिथे डिस्कच्या भल्यामोठ्या प्रतिमा याच नावाने पडलेल्या असत. डाहडीचा इन्स्टॉलर मात्र बिन फाइल बघतच नाही. प्रत्येक फर्मवेअर बसवल्यावर तो शेजारी एक रिकामी, टिंबाने सुरू होणारी लपलेली फाइल ठेवतो, नावात आवृत्ती लिहिलेली, आणि पुढच्या वेळी तीच आहे का ते पाहतो. खुणा बॅकअपमधून आल्या, माल आला नाही. हजेरीपटावर सही आहे आणि माणूस वर्गात नाही, तसे.

खुणेच्या फाइली काढल्या, फर्मवेअरची मूळ पुडकी बाहेरच्या लॅपटॉपवर उतरवून पेनड्राइव्हने आत नेली आणि इन्स्टॉलर पुन्हा चालवला. मुख्य मशीनचा ड्रायव्हर दुपारच्या जेवणाच्या वेळी उतरवून चढवला. ताईंच्या कानातला आवाज गेला. राखीव कार्डाच्या फ्लॅशमध्ये नवी आवृत्ती लिहिली जात असताना वीज जाऊ नये, म्हणून ते मशीन यूपीएसवर घेतले. लिहायला अर्धा मिनिट लागू शकतो असे ड्रायव्हर सांगतो आणि तेवढा वेळ खोलीत कोणी बोलत नाही.

या फ्लॅशचा एक परिणाम ऑडिटवाल्यांना समजावताना घाम फुटला. त्यांच्या कागदावर 'मागे फिरण्याची योजना' असा रकाना होता आणि त्यात जुनी हार्ड डिस्क परत लावणे एवढेच लिहिले होते. डिस्क परत लावली तरी कार्ड मागे फिरत नाही. नव्या ड्रायव्हरने फ्लॅश बदललेली असेल तर जुना ड्रायव्हर ती नाकारून आपली आवृत्ती पुन्हा लिहायला घेईल, आणि त्यासाठी जुन्या डिस्कवरही फर्मवेअरची फाइल जागेवर हवी. ती तिथे होती, हे तपासूनच रकाना भरला.

ठरले ते

डीकेएमएस आपोआप सगळे सांभाळते, असा एक समज आहे. नवा कर्नल आला की डीकेएमएस ड्रायव्हर पुन्हा बांधायचा प्रयत्न करते हे खरे. पण त्या कर्नलच्या हेडर फाइली बसलेल्या नसतील किंवा कोड जुळला नाही तर ती एक ओळ लिहून गप्प बसते. पुढच्या वेळी मशीन सुरू होते, आणि रुग्णालयात फोन नसतो. म्हणून या सर्व्हरवर कर्नल धरून ठेवला आहे. तो आधी सरावाच्या मशीनवर बदलतो, तिथे राखीव कार्डाचा दिवा हिरवा होतो, प्रतिध्वनीची चिप यादीत दिसते, मगच मुख्य मशीनवर. मधल्या काळात सुरक्षा दुरुस्त्या थोड्या मागे राहतात. त्याबदली सर्व्हर वेगळ्या व्हीलॅनमध्ये, म्हणजे नेटवर्कच्या वेगळ्या कप्प्यात, टाकला, बाहेरचे इंटरनेट बंदच. ऑडिटने हे मान्य केले, थोडी कुरकुर करून.

दुरुस्त केलेला डब्ल्यूसीटीडीएम गिटमध्ये ठेवला, प्रत्येक बदल वेगळा आणि कोणत्या कर्नलमुळे केला ते लिहून. तो उद्या दुसऱ्या कोणी वाचेल तेव्हा एवढे तरी हाताशी असावे.

टीडीएम४००पी कायम ठेवायचे का, यावर बैठकीत बराच वेळ गेला. माझे मत तिथे मांडले तेच इथे. टीई१३३ चा ड्रायव्हर मूळ कोडमध्ये आहे, त्याच्यावर इतरही लोक काम करतात. आपल्या वाट्याला त्यातला थोडा भाग येतो. डब्ल्यूसीटीडीएमचा सगळा भार मात्र एकट्या रुग्णालयावर आहे, आणि तोही दोन लँडलाइन आणि शेडमधल्या एका फोनसाठी. त्या लाइनी एखाद्या छोट्या ॲनालॉग गेटवेवर नेल्या तर सर्व्हरच्या दृष्टीने त्या साध्या एसआयपी लाइनी होतात आणि कर्नलशी त्यांचा संबंध तुटतो. गेटवेमध्येही फर्मवेअर असतेच, तेही बंद, आणि त्याचा उत्पादक कधी हात वर करेल सांगता येत नाही. पण तो बिघडला तर दोन लाइनी जातील, पीआरआय नाही.

सचिवांनी विचारले, "म्हणजे आत्ता केलेलं काम फुकट?" फुकट नाही; नंबर बंद न पडता स्थलांतर त्यामुळेच झाले. पण डेबियन १३ चा कर्नल ६.१२ आहे आणि ६.१ ते ६.१२ मध्ये पुन्हा बदल आहेत. डिव्हाइसांचा वर्ग बनवणारे फंक्शन ६.४ मध्ये एक गोष्ट कमी घेऊ लागले, अक्षरे नकलायचे एक जुने फंक्शन ६.८ मध्ये गेले. टीई१३३ साठी ते करावेच लागेल. टीडीएम४००पी साठी करायचे नाही, असे ठरले. गेटवे पुढच्या अंदाजपत्रकात धरला आहे आणि तो येईपर्यंत मेलेल्या मॉड्यूलची लाइन चालू मॉड्यूलवर हलवून दुसरी लाइन कोणती सोडायची, याचा निर्णय रुग्णवाहिकेच्या चालकांवर सोपवला आहे.